कोंडवाड्याची किल्ली

पत्र आलं मंगळवारी, बाजाराच्या दिवशी :
चिंचखेड आता प्रभाग एकोणीस.
सरपंचीणबाईंनी शिक्का दिला, दप्तर दिलं,
खणातली खडूंची अर्धी पेटीसुद्धा.
कोंडवाड्याची किल्ली कोणी मागितलीच नाही.

ती शालिक इंगोलेच्या करदोट्याला.
एकवीस वर्षं त्यानं
तुरीत शिरलेली ढोरं आणून कोंडली,
पावती फाडली, आणि रात्री
स्वतःच्या घरचं कुटार टाकलं त्यांच्यापुढं.

आता तुरीच्या वावरात चुन्याच्या रेघा.
सकाळी घंटागाडी येते गाणं म्हणत,
पर्बताबाई ओलं-सुकं वेगळं करते
आणि दोन्ही एकाच म्हशीला घालते.
पोरं पत्ता सांगताना शहराचं नाव घेतात,
शहरातले विचारतात, म्हणजे कुठं?

काल तीच म्हैस नव्या दुभाजकावरची
फुलझाडं खाऊन तिथंच बसली.
साहेबांचा फोन : उचला हिला, घेऊन जा.
कुठं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शालिक उठला.
कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडलं.
तेल कोण घालत होतं, आम्ही विचारलं नाही.
"कोनाच्या नावानं फाडू पावती?" तो म्हणाला.
पुस्तकावर अजून चिंचखेडच छापलेलं.
पंधरा पावत्या उरल्यात.