खळ

एकाहत्तरचा डिसेंबर. ठाणे पूर्व, कोपरी.
काचांना खाकी कागद लावायचा होता,
तर आख्ख्या बिल्डिंगची खळ पोपटीबाई लालवाणीने शिजवली.
मैद्यात चिमूटभर मोरचूद, झुरळं लागू नयेत म्हणून.
कागद असा बसला की सुरकुती शोधून दाखवा.

मी नऊ वर्षांचा. माझ्याकडे शिट्टी होती,
वॉर्डन दिगंबर परचुऱ्याने दिलेली.
अंधार पडला की मी सरकार.
एका फुंकरीत स्टोव्ह विझायचे,
बिड्या मुठीत लपायच्या,
आमचे ड्रॉइंगचे मास्तरसुद्धा म्हणायचे, "हो हो, बंद करतो."

रेडिओ म्हणाला, कराची बंदरात तेलाच्या टाक्या पेटल्यात.
जिन्यात पेढे वाटले, काळोखातच,
कुणाचा हात कुणाच्या तोंडात, कळेना.
पोपटीबाईने पेढा घेतला
आणि विचारलं,
"कियामाडीला? की खारादरच्या बाजूला?"

जिना गप्प.
हिला नावं माहीत होती.
शत्रूलाही गल्ल्या असतात
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री तिच्या खिडकीत मला उजेड दिसला,
तांदळाच्या कणीएवढा.
दिसला का? आज शपथ घालाल तर घेणार नाही.
शिट्टी मात्र वाजली.
माणसं वर गेली. 'हेर' हा शब्द
आमचा जिना पहिल्यांदा चढला
आणि चपला न काढता आत शिरला.

आत काय, पालथ्या घमेल्याखाली पणती.
कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही.

रविवारी जवान निधीचा डबा फिरला.
कुणी रुपया टाकला, कुणी दोन.
तिने पाटली काढली,
साबण लावून, कारण निघत नव्हती.
टाळ्या पडल्या. सगळ्यांनी बघितलं,
म्हणजे मोजलं.

पुढे ती नवऱ्याशीही मराठीतच बोलायची,
दुसऱ्याच्या चपलांत पाय घालून चालावं तशी.
कराचीला 'तिकडे' म्हणायची.
मग तेही म्हणेना.

बिल्डिंग पाडली तेव्हा मी बघायला गेलो होतो.
भंगारवाल्याने तिच्या खिडकीची काच उन्हात धरली.
कागद कधीच गेलेला, खळीचे फराटे तसेच.
मी नखाने खरवडून पाहिलं.
तो म्हणाला, "राहू द्या काका,
डाग आहे. दहा रुपये कमी होतील."