सुटे सांधे

शेडमध्ये ताइस्तोचे पाइप तसेच उभे होते,
भिंतीला टेकून, तीन हिवाळे,
जणू कुणाचा फोन आला की लगेच निघतील
तुंबलेल्या सिंककडे.

लाप्पेनरांतात अर्धं गाव त्याच्या पाइपांतलं पाणी पितं.
एकही सांधा कधी गळला नाही, असं तो
जेवताना सांगायचा,
मीठ मागावं तसं.

आज त्यांतला एक मी आडवा धरला
आणि करवत लावली.
पांढरा कीस उडाला, बाहीला चिकटला,
झटकला तरी जाईना.
पिप्पुरी दारात बसून बघत होती,
एक कान उभा, एक पडका,
नावाचा अर्थ मिरी, आणि स्वभावही तोच.

शेजारची ऊना, वय वर्षं अकरा, कागद घेऊन आली.
दोन खांब, मध्ये दांडी,
दांडीच्या वर हवेत कुत्रा,
चारही पंजे पोटाशी, जीभ बाहेर.
मापं तिनंच लिहिलेली.
खांद्यापर्यंत अडतीस सेंटिमीटर,
पण मोजताना पिप्पुरी टेप चाटत होती,
म्हणजे चाळीसही असेल.

टोप्या, टी, एल्बो,
सगळं त्याच्या खणांत सापडलं, डब्यांवर त्याच्या अक्षरात नंबर.
मग सोल्युशनचा डबा उघडला.
वर साय धरलेली, खाली मात्र ओलं.
आणि तो वास.
हात दोनदा धुतले तरी उशीपर्यंत यायचा.

ब्रश बुडवला तशी ऊना ओरडली,
"दांडीला नको! दांडी पडली पाहिजे.
पाय लागला की पडलीच पाहिजे,
नाहीतर पाय मोडेल तिचा."

ब्रश तसाच हातात.
एक थेंब बुटावर.
एकेचाळीस वर्षं या घरात
न सुटणं यालाच चांगलं काम म्हणायचे.
त्याला न्यायला आले त्या रात्रीही
तो स्ट्रेचरवर नीट, सरळ,
आणि मी गेटपाशी त्याच्या औषधांची यादी वाचून दाखवत होते,
स्पष्ट आवाजात,
एकही थेंब न सांडता.

खांब तेवढे चिकटवले.
मग पाइपाचा तुकडा उभा चिरला,
दांडीसाठी दोन डोण्या केल्या:
वाऱ्यानं दांडी घरंगळू नये इतक्या खोल,
पंजा लागला तर अडवू नये इतक्या उथळ.
हे माप टेपवर नसतं.
घासायचं, बोटानं ढकलायचं, पुन्हा घासायचं.
चौथ्यांदा दांडी हलकेच निघाली,
कुणी नाराज न होता उठून जावं तशी.

वर निळ्या पट्ट्या, पिवळ्या पट्ट्या.
लाल नको, ऊना म्हणाली,
हिरव्या गवतावर लाल त्यांना नीट दिसत नाही.
ताइस्तोचा लाल टेप परत खणात गेला.

रात्रीचे साडेदहा,
आणि उजेड जायचं नाव घेत नाही.
सरोवराकडून डास.
गवत निसरडं नाही ना, वाकून तळव्यानं पाहिलं,
गुडघा बोलला, बोलू दिला.
दांडी अगदी खाली, घोट्याएवढी.

पिप्पुरी पहिल्यांदा बाजूनं गेली.
मग खाली पोट घासत, रांगत.
मग दांडीच तोंडात धरून शेडकडे पळाली,
जिथली वस्तू तिथे ठेवायला.
ऊना गवतावर लोळून हसली.
मीही हसले, जरा उशिरा.

मग सॉसेजचा तुकडा पलीकडे धरला
आणि ती उडाली.
मागचा पाय लागला.
टुक्.
पोकळ, छोटा आवाज.
तिनं वळूनही पाहिलं नाही,
सॉसेज गिळलं, शेपूट हलवलं, पुढचं काय?

ठेवली. पडली.
ठेवली. पडली.
अकराव्यानंतर मी मोजणं सोडलं.
तेराव्याला नाही पडली, असं ऊना म्हणते.

सकाळी शेडमध्ये गेले
तर डब्याचं झाकण रात्रभर उघडंच राहिलेलं.
आत सगळं दगड झालं होतं.
ब्रश त्यातच,
उभा.