कांडी

एकतीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली.
आता दोन्ही कान म्हणजे भिंतीतले कोनाडे,
पणती नसलेले.
खासबागेतल्या शेडमध्ये आम्ही ओठ वाचायचो.
धागा तुटला, चहा आला, मालक आला,
सगळं ओठांवर. मराठी की कन्नड,
ते नंतर बघायचं.

मांजर सापडलं कांड्यांच्या टोपलीत, मुठीएवढं.
सुताचा गुंता समजून उचललं
तर ते चावलं.
शालन म्हणाली, ऱ्हाऊ दे की. कांडीच म्हणूया.

तिचं म्याव मी कधी ऐकलेलं नाही.
तोंड उघडतं, गुलाबी, मिटतं.
आधी वाटायचं, जांभई देते.
मग कळलं, जांभईत डोळे मिटतात,
मागताना मिटत नाहीत.

शेपूट उभी, टोकाला आकडा: आज बरी आहे.
शेपूट फरशीवर आपटते,
बापाच्या हातमागाच्या पावडीसारखी: हात आवर.
कुत्र्याची हलते तशीच हिची, हे डोक्यातून जायला
दोन ओरखडे लागले. एक अजून आहे मनगटावर.
ती माझ्याकडं बघत सावकाश डोळे मिटते
तेव्हा मीही मिटतो.
याचा अर्थ मी कुणाला विचारलेला नाही.
शालन तोंड मोठं करून म्हणते,
"माझ्याकडं कधी असं बघितलासा काय ओ?"
हे मात्र मला लांबूनही वाचता येतं.

दुपारी ती छातीवर येऊन बसते.
घुरघुर बरगड्यांना ऐकू येते,
चालत्या मागावर तळहात ठेवल्यागत.

माग भंगारात गेले त्या आठवड्यात
ती रिकाम्या शेडमध्ये तेलाचे डाग हुंगत फिरली.
मोटरीची ऊब असायची, नेमकं तिथं मुतली.
शालननं झाडू उचलला. मी म्हटलं, थांब,
सूड नाही तो. घराचा वास हरवलाय,
ती तो परत मांडते आहे.
मोठं शहाणपणानं म्हटलं.
मीही त्याच कोपऱ्यात रोज बिडी घेऊन बसत होतो
आणि बिडी ओढत नव्हतो.

गेल्या माघात ती ट्रंकेमागं गेली ती बाहेर येईना.
रविवारच्या बाजारातला सुका बांगडा
नाकापुढं धरला, तोंड फिरवलं.
हात लावला तर घुरघुर. मोठी, सलग, न तुटणारी.
मी म्हटलं, बघ, सुखात आहे की.
शेजारची निंगव्वा वाटी परत द्यायला आली होती.
ती गुडघ्यावर बसली, कांडीच्या पोटाला बोट लावलं,
मग माझ्याकडं तोंड करून एकच शब्द म्हणाली.
ओठ गोल. खालचा ओठ दातांना. पुन्हा गोल.
नोवु.
दुखतंय.

शेडमध्ये हा शब्द रोज दिसायचा,
कंबरेसाठी, अंगठ्यासाठी, रात्रपाळीच्या डोळ्यांसाठी.
तो मी विसरावा?

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी
म्हशीच्या औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं:
मांजर दुखण्यातही घुरघुरतं. स्वतःला थोपटतं म्हणा.
आणि ताटलीत ठेवलं पोटातून काढलेलं सूत,
हातभर, मोरपंखी.
मी बघताक्षणी ओळखलं.
शेवटच्या साडीच्या काठाचं होतं.

परत आणल्यावर आठ दिवस पाठ करून बसली.
मी तिच्या पाठीशी पाठ लावून बसलो,
टाके हळूहळू सुकले.
आता घुरघुर लागली की आधी कान बघतो,
डोळ्यांच्या फटी, पंजे आत की बाहेर,
आणि विचारतो, ही कुठली गं?
कधी कळतं. कधी नाही.

शालन सांगते, झोपेत माझ्या घशातून
मागासारखा आवाज येतो, पहाटेपर्यंत.
कुठला, ते तिनं विचारलेलं नाही.
हात तेवढा ठेवते.
पायाशी कांडी,
एक कान आमच्याकडं, एक दाराकडं.