कुडीची फिरकी

मागचा सातशेचा घेतला तेव्हाच
कानाला खडा लावला होता, स्वस्तातलं नको.
तरी तीन वर्षं चालला बिचारा.
मग उशीचे काळे पापुद्रे सुटायला लागले,
पतपेढीत सुलक्षणा म्हणाली,
"ताई, काजळ कानापर्यंत आलंय."
पुसलं रुमालाने. सांगितलं काहीच नाही.

मग डावा सांधा मोडला.
आधी चिकटपट्टी, मग फेव्हिक्विक,
मग धाकट्याच्या कंपासपेटीतली अर्धी पट्टी
दोऱ्याने आवळून दोन महिने काढले.
पाय मोडलेल्या कोंबडीसारखा
लंगडत बसायचा डोक्यावर.

आता अठराशे आहेत.
भिशीतले नाहीत, किराणामालातले नाहीत,
ऑडिटच्या तीन रविवारांचे. माझे.
एकोणीसशे झाले तर वर्तकनगरपर्यंत चालत जाईन.
दोन हजार म्हणाला तर उठेन.

राम मारुती रोडवरून आत, शिंप्याच्या डोक्यावर,
जिना चढून एक गाळा.
"मुलासाठी?" काउंटरवरचा उझैर विचारतो.
"हो," म्हणून जाते मी.
"वय काय?"
"त्रेचाळीस."

तो हसत नाही. याचंच मला बरं वाटतं.

पहिल्याला लाल दिवे, कडेने ड्रॅगन.
दिवे मला कुठे दिसणार?
ते तर माझ्याच कानावर.
दुसरा भारी ब्रँडचा, सेलमधला,
नव्या चपलेसारखा चावतो.
"पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा, चार दिवसांत सैलावेल."
आणि डोकं? ते कशावर ताणून ठेवू?

"कुड्या काढून बघा ना."
कुड्या काढायच्या नाहीत.
चष्म्याची काडी, कुडीची फिरकी, मागे अंबाडा,
एवढं सगळं धरून जे कानावर बसेल ते दाखव.
हे कप घडवणाऱ्या माणसाचे
कान कोणी टोचलेले नसणार.
फिरकी मागून रुतते, तासाभरात ठणका,
आणि सकाळी नवरा विचारतो, कुशीवर झोपलीस का?

उझैर स्टूल पुढे सरकवतो.
"दहा मिनिटं घालून बसा.
दोन मिनिटांत सगळेच बरे वाटतात."
हे वाक्य मला एकवीस वर्षांपूर्वी
कोणीतरी सांगायला हवं होतं.

तिसरा राखाडी. कापडी उशा,
मळतील, पण पापुद्रे तरी सुटणार नाहीत.
वायर लांब, माइक यथातथा,
खोका फाटका म्हणून साडेसोळाशे.

बसते.
ट्यूबलाइटची गुणगुण जाते.
शिंप्याचं मशीन जातं.
रात्रीचे साडेअकरा आठवतात,
घासलेली भांडी पालथी, दाराखाली उजेड नाही,
कोल्हापूरचा एक, इटानगरची एक,
दोघे कुठले ते कधी विचारलंच नाही.
माझं नाव तिथे 'दुधाची पिशवी'.
दिवसा माझं कोणी ऐकत नाही, अशी तक्रार नाही.
पण "जिन्यावर दोघं आहेत, डावीकडून" म्हटलं
की चार माणसं श्वास धरतात.
असं दुसरीकडे होत नाही कुठे.

माइक यथातथा चालेल.
मला ऐकू आलं पाहिजे.

दहा मिनिटं झाली असतील, जास्तही.
उठले, पर्स उघडली, नोटा मोजल्या,
काउंटरवर पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं,
"तो राखाडी कुठे ठेवलास रे?"
उझैरने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं.
या वेळी हसला.
मीही.

दीडशे उरले. रिक्षा केली.

घरी जुन्याचा दोरा कापून
पट्टी पुसली, डिंक काही निघाला नाही,
तशीच कंपासपेटीत परत ठेवली.
सात सेंटिमीटरपर्यंतच आहे.
भूमितीच्या तासाला विचारेल तेव्हा विचारेल.