दोन मार्कांचा प्रश्न

रात्रपाळीची बस साडेनऊला येते, बिल्डिंगखाली.
त्याआधीचा पाऊण तास मी ऋजुताच्या पुस्तकाचा.
ती पलंगावर, उशी पोटाशी धरून,
मी खुर्चीत, उत्तरांवर अंगठा दाबून प्रश्न विचारत.
सोहारच्या या दोन खोल्यांत एसी मधूनच खोकतो.
सोमवारी बोर्डाचा पेपर.

माझी केमिस्ट्री वरणगावच्या शाळेतली:
धनाग्र, ऋणाग्र, संयुजा, क्षपण.
तिला हे शब्द कुठल्याशा स्तोत्रातले वाटतात.
"बाबा, क्षपण म्हणजे उपास का?"
उपासच. ऑक्सिजन सोडायचा.

धातूंची क्रियाशीलता काही केल्या पाठ होईना.
शाळेनं दिलेलं एक इंग्रजी वाक्य होतं,
त्यात माकडं, त्यात झेब्रा,
आणि झेब्रा लोखंडाआधी की नंतर, यावरून रोज रडणं.
शेवटी मीच एक बांधलं, शिफ्टवरून परतताना,
पुढच्या सीटच्या पाठीवर बोटानं अक्षरं गिरवत:

पोरी, सोड काळजी, मग अभ्यास जमेल,
लोक शिकतात हसत. तांबं, चांदी, सोनं.

पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम... ती एकेक बोट मुडपत गेली
आणि 'जमेल'मधल्या ज-पाशी अडली.
जस्त, मी म्हटलं. तुझा झेब्रा.

"सोनं सगळ्यांत खाली," ती म्हणाली,
"कशाशीच सहज संयोग पावत नाही."
ओट्यापासून तिची आई:
"पावत नाही कसं?
माझ्या चार बांगड्यांचा एजंटाशी झाला होता की.
तळाला साका बसला, तो हा व्हिसा."

पान एकशे बारा. ॲल्युमिनियमचं विद्युत अपघटन.
धनाग्र वरचेवर का बदलावं लागतं?
तिनं श्वाससुद्धा घेतला नाही:
"ऑक्सिजन येऊन कार्बनशी जळतो,
कार्बन डायऑक्साइड होतो, धनाग्र झिजत जातं."
बरोबर. मार्क किती?
"दोन."

दोन.
काल रात्री तेवीस नंबरचा पॉट.
साडेनऊशे अंशांवर कवच फोडलं, तेव्हा उसळलेली पांढरी झळ,
क्रेनवर साहमचा सईद, खाली मी,
आणि झिजलेला कोळसा वर येताना
मुळासकट उपटलेल्या दाढेसारखा, लाल.
लाखांनी अँपिअर वाहतात तिथे,
हातातलं घड्याळ बंद पडतं.
सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मी लॉकरात ठेवतो
आणि वेळ ओळखतो तहानेवरून:
पाण्याची तिसरी बाटली संपली, म्हणजे दोन वाजले.

तिला मी फक्त घड्याळाचं सांगितलं.
"चुंबकीय क्षेत्र," ती म्हणाली,
"ते फिजिक्स. गुरुवारी."

मग तिनं आकृती काढली.
टाकी, क्रायोलाइट, वरून लोंबणारी धनाग्रं,
तळाशी वितळलेला धातू,
पट्टीनं ओढलेल्या लेबलांच्या रेघा.
आणि टाकीच्या कडेला, पेन्सिलीनं,
हेल्मेट घातलेला एक इवलासा माणूस.
पोट जरा जास्तच सुटलेलं.

"हे काय?"
"तुम्ही."
"खोड. तपासणारा मार्क कापेल."
"लेबल कुठे दिलंय?"
"तरी खोड."

खोडलं तिनं.
रबराची भुकटी फुंकली, ती माझ्या सेफ्टी शूजवर.
कागदावर हेल्मेटाची गोलाई थोडी राहिलीच,
ती मी पाहिली आणि गप्प बसलो.

खाली हॉर्न.
डबा उचलला. जिन्यातून ओरडून विचारलं, शिसं कुठे?
"लोखंडाखाली! हायड्रोजनच्या वर!"
दुसऱ्या मजल्यावर बिजूच्या दारामागेही
कुणीतरी मल्याळममधून कुणालातरी झापत होतं,
मधे मधे सोडियम, सोडियम.

बसमध्ये बसलो. नऊ चौतीस.
घड्याळ अजून चालू.