काकपद

शिए वनथिंग मंगळवारी आणि शुक्रवारी येते.
उलव्यात, सेक्टर एकोणीस, लिफ्ट बंद असली तर पाच मजले चढून.
चपला काढून भिंतीशी जोडीने लावते,
आमच्या घरात कुणीच लावत नाही तशा.
तिचं आडनाव म्हणजे आभार. तिनेच सांगितलं.
मी म्हटलं, आमच्याकडे आभार कार्यक्रमाच्या शेवटी मानतात,
तुम्ही नावाच्या आधीच मानून मोकळ्या.
तिने 'मोकळ्या' हा शब्द वहीत उतरवून घेतला.

वडील न्हावा-शेव्याला क्रेनच्या दुरुस्तीवर.
मार्चपर्यंत करार.
तेवढ्यात इंग्रजीची परीक्षा, मग तिसराच कुठला तरी देश.

आज आर्टिकल.
कुठे 'अ', कुठे 'द', कुठे काहीच नाही.
ती विचारते, का?
तेरा वर्षं शिकवतेय आणि मला माहीत नाही.
पेणच्या शाळेत पाचवीत एबीसीडी गिरवली,
छडीच्या टोकाशी कळलं की सूर्याला 'द' लागतो,
आईला लागत नाही.
का, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.
तिच्या भाषेत 'द' नाही, माझ्याही नाही.
दोघींच्या गावी सूर्य नुसता उगवायचा,
पुढे कुणी चोपदार न धावता.

तिच्या क्रियापदांना काळ नसतो.
काल मी जाते, उद्या मी जाते.
'काल' म्हटलं ना एकदा, मग क्रियापदाने
कपडे का बदलायचे?
मी लाल पेनने कपडे बदलते.
माय फादर, शी इज टायर्ड, ती म्हणते,
कारण बोलताना त्यांच्यात तो, ती, ते
सगळ्यांना एकच हाक.
आमचा फळा तो, खुर्ची ती, टेबल ते,
हे ऐकून पोट धरून हसली.
मग एकदम गंभीर होऊन:
आणि जाताना तुम्ही 'येते' का म्हणता?
हा कुठला काळ?
मी पुस्तकाचं पान उलटलं.

उतारा. पान एक्केचाळीस.
बेटावर दीपगृह, त्यात एकटा म्हातारा.
त्याला न्यायला बोट येते. तो जात नाही.
प्रश्न तिसरा: म्हातारा बोटीत का बसला नाही?
मी तिला पढवलंय,
आधी प्रश्न वाच, मग त्यातला शब्द उताऱ्यात शोध,
खाली रेघ मार, तेवढंच उचल.
मनचं घालू नकोस. मार्क उताऱ्याला असतात.
उत्तर सातव्या ओळीत आहे, कुणालाही दिसेल असं:
दिवा अजून जळत होता.

वनथिंग पेनाचं टोपण चावत बसली.
खाली भंगारवाल्याची हाळी येऊन गेली,
कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी उठून गॅस बंद केला.
परत आले तर तिने लिहिलं होतं:
ही डझ नॉट नो हाऊ टू से गुडबाय टू आयलंड.

उतारा भूतकाळात, हिचं वाक्य वर्तमानात.
सातव्या ओळीला हात लावलेला नाही.
आयलंडच्या आधी 'द' गाळलेला.
मी लाल पेन उघडलं, बराच वेळ तसंच धरलं,
मग त्या एका फटीत काकपद काढून
वर बारीक 'द' लिहिला.
बाकी काही केलं नाही.

किती मार्क, तिने विचारलं.
परीक्षेत शून्य, मी म्हटलं.
तिने मान डोलावली, जणू भाव ठाऊकच होता.
चपला घातल्या. लिफ्ट चालू होती.

रात्री नववीच्या बॅचच्या वह्या काढल्या.
तोच उतारा, बावीस वह्या.
बावीस वेळा दिवा अजून जळत होता,
'द' जागच्या जागी, काळ बरोबर.
दोनपैकी दोन, दोनपैकी दोन,
मी देत गेले.