चिमूटभर

चौघंजण आम्ही. पगार झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी
ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कुठंही बसतो
आणि जेवणापेक्षा मतं जास्त वाढून घेतो.

अश्लेषा सोलकढीचा पहिला घोट
जिभेवर बराच वेळ ठेवते, मग म्हणते, आगळ बाटलीतलं.
सेल्वनच्या मते सानपाड्याचा तो मालवणीवाला
समोर फ्लायओव्हर झाल्यापासून बिघडला.
फ्लायओव्हरचा आणि तिखल्याचा संबंध
दोन वर्षांत त्यानं उलगडलेला नाही.
बिपीन बिल आल्याशिवाय बोलत नाही.
आणि मी. मला कुठंही
‘काहीतरी कमी’ वाटतं.
बायको म्हणायची, हे तुझं आडनावच लाव.

ह्या खेपेला गोठिवली.
सेक्टर संपतात तिथं, जिथं पत्ते
नंबर सोडून पुन्हा माणसांच्या नावांवर येतात.
गुणाबाई मढवींची खानावळ म्हणजे
जमीन गेल्यावर उरलेलं अंगण,
अंगणावर पत्रे, पत्र्याखाली पाच टेबलं
आणि कुणाच्या तरी लग्नातून परत न गेलेल्या खुर्च्या,
पाठीवर मंडपवाल्याचा फोन नंबर.
पाटी नाही. वासावर यायचं.

जिताड्याचा रस्सा आला, तांदळाच्या भाकऱ्या आल्या,
हातात पळी तशीच घेऊन बाई आली.
‘मीठ कसा हाय?’
मस्त, म्हणालो आम्ही. चौघं एका सुरात,
जसं सगळीकडं म्हणतो, आणि मग रिक्षात बसून
खरं काय ते बोलतो.

बाई हलली नाही.
‘मस्त म्हंजे? कमी का जास्ती?’

सेल्वन हसला. बाई हसली नाही.
गल्ल्यावरून सून म्हणाली, पैसे मोजता मोजता,
आवाज न चढवता, पावसापाण्याचं सांगावं तसं:
‘तापात जीभ गेली त्यांची.
दोन वर्सा झायली. वास नाय, चव नाय.
गिऱ्हाईक सांगल तसा करतान.’

पंख्याचा आवाज होता तेवढा.

मी आजवर कुणाकुणाचं मोडीत काढलंय:
वाशीची बिर्याणी, नेरुळचा तो इडलीवाला,
कोपरखैरण्याच्या पोरांचं नवं कॅफे, जे सहा महिन्यांत बंद पडलं.
तोंडात घास असताना केलेली वाक्यं सगळी.
पण माझी जीभ अशी
कुणी उसनी मागितली नव्हती.

पुन्हा घास घेतला. भाकरीशिवाय, नुसता रस्सा.
मीठ कमी होतं.
की मलाच कमी लागतंय, नेहमीसारखं?
अश्लेषा म्हणाली, अर्धी चिमूट. सेल्वन म्हणाला, बरोबर आहे.
भांडलो आम्ही, पण दबक्या आवाजात,
आजारी माणसाच्या खोलीबाहेर भांडतात तसे.
बिपीननं अख्खी वाटी रिकामी केली
आणि पहिल्यांदाच, बिलाच्या आधी, बोलला:
‘मीठ कमी. चिंच जरा पुढं गेलीय.’

‘आंबट पुढं गेला,’ बाई स्वतःशीच पुटपुटली,
विसरू नये म्हणून पाठ करतात तसं,
आणि आत गेली.
दुसरी वाटी घेऊन आली. ‘आता?’

आता बरं होतं. बरंच बरं होतं.
तरी मस्त म्हणायला जीभ धजेना.
‘आता बसलं,’ म्हणालो. तिला तेवढं पुरलं.

निघताना मलाच म्हणाली, का कुणास ठाऊक,
‘बुधवारी कोलीम येल. सकालचा ये.
खोटा बोलायचा नाय.’

बुधवारी ऑफिसच्या बसला पाठ करून
गोठिवलीच्या त्या पत्र्याखाली उभा आहे.
चहा घेतलेला नाही. दातही नुसत्या पाण्यानं घासलेत,
पेस्टची चव नको मधे.
चुलीवर कोलीम, वर कांदा, धूर माझ्या डोळ्यांत.
तिनं तळहातावर पळीचं टोक टेकवलं.
‘कसा?’

थांबा. अजून गिळलं नाही.